रोबोटने स्वादुपिंडाचं ऑपरेशन: मशीनआधी काय विचारायचं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मूळचा रहिमतपूरचा. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण नात्यात कुणाला डॉक्टरांनी ‘रोबोटिक’ हा शब्द सांगितला की फोन मला येतो. ‘तू कॉम्प्युटरमधला ना? मग सांग, रोबोटच्या हातात माणूस द्यायचा का?’ भावकीतल्या एका काकांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली, तेव्हाही हेच झालं. त्या वेळी मी जे वाचलं, ते आजच्या भागात.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पार आत असतं. गाठ त्याच्या डोक्याकडच्या भागात असेल तर ‘व्हिपल’ ऑपरेशन करतात. अमेरिकन सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ते मांडलं, म्हणून हे नाव. त्यात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढतात. मग स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड आतड्याला द्यायचे. खरी भीती स्वादुपिंडाच्या जोडाची. त्याचा रस अन्न पचवतो. जोड गळला तर तोच रस आसपासच्या रक्तवाहिन्यांनाही इजा करतो.

आता रोबोट. हा रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसतात, त्यांचा हात हलला की आतलं अवजार हलतं. आपल्या भाषेत, ऑटोमेशन नाही, रिमोट कंट्रोल. फायदे खरे आहेत: मोठं, थ्रीडी चित्र दिसतं, अवजार मनगटासारखं वळतं, हाताची थरथर गाळली जाते. तोटा असा की बहुतेक मशीनमध्ये हाताला स्पर्श कळत नाही. टाका किती ताणला गेला, ते डोळ्यांनीच ओळखायचं.

मग सेफ आहे का? ‘छोटी भोकं म्हणजे कमी धोका’ हे गणित इथे सरळ चालत नाही. नेदरलँड्समध्ये व्हिपल दुर्बिणीने करावं की पोट उघडून, याची लेपर्ड-२ नावाची ट्रायल झाली. दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ रुग्ण गुंतागुंतीने दगावले, पोट उघडलेल्या गटात ४९ पैकी १. ट्रायल मध्येच थांबवावी लागली. ती साधी दुर्बीण होती, रोबोट नव्हे, हे लक्षात ठेवा. रोबोटवरची चीनमधली पोर्टल ट्रायल २०२४ मध्ये आली. अनुभवी सर्जनांच्या हातात रोबोटवाले रुग्ण साधारण ११ दिवसांत घरी गेले, पोट उघडलेले साडेतेरा दिवसांत. मृत्यूंमध्ये ठळक फरक नव्हता. जर्मनीत हायडेलबर्गच्या छोट्या ट्रायलमध्ये एकूण गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच निघाली, खर्च मात्र रोबोटचा जास्त.

म्हणजे रोबोट वाईट नाही, जादूही नाही. मग फरक कशाने पडतो? सरावाने. अमेरिकेत पिट्सबर्गच्या टीमने आपली २०० रोबोटिक व्हिपल तपासली. रक्तस्राव २० ऑपरेशननंतर कमी झाला, गळती ४० नंतर, आणि वेळ ८० नंतर. आपण नवीन सिस्टीम लाइव्ह केली की पहिले महिने बग येतात, तसंच हे. फक्त इथे त्रास युजरला नाही, टेबलावरच्या माणसाला होतो.

हॉस्पिटलचंही तेच. २००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, वर्षाला एकसुद्धा असं ऑपरेशन जेमतेम होणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यूचं प्रमाण १६.३ टक्के होतं. १६ पेक्षा जास्त होणाऱ्या ठिकाणी ३.८ टक्के. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्या टीमने २०१३ मध्ये ५०० व्हिपलचा लेखाजोखा मांडला. त्याचं सारही हेच, की या कामासाठी वेगळी टीम बांधल्यावर निकाल सुधारले.

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे हे विचारा:

१. तुमच्या टीमने गेल्या वर्षी किती व्हिपल केली? त्यातली रोबोटने किती?
२. गरज पडली तर पोट उघडावं लागतं का? किती वेळा लागलं?
३. रात्री दोन वाजता जोड गळला किंवा रक्तस्राव झाला, तर सांभाळणारी टीम आणि आयसीयू इथेच आहे का?
४. विमा किती देईल? आरोग्य विम्यात रोबोटिक सर्जरी धरलेली असते, पण पॉलिसीत तिच्यावर वेगळी मर्यादा असू शकते. ती आधी वाचा.

सातारा-कराड जवळ, पुणे-मुंबई लांब, हे मलाही कळतं. मुक्काम, जेवण, रजा, सगळं अंगावर येतं. पण दोन जागांतून निवडायचं असेल तर मी मशीन बघून नाही, आकडा बघून निवडेन. काकांच्या घरच्यांनीही तेच केलं. लांबच्या हॉस्पिटलमध्ये, पोट उघडूनच ऑपरेशन झालं.

शेवटी एक. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर, आयआयटीचे इंजिनिअर, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनेच १७ मार्च २०१९ ला गेले. हा आजार उशिरा कळतो, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ऑपरेशनची वेळच निघून गेलेली असते. त्यामुळे पोट न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, तर गावठी औषधात महिना घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करून घ्या.

वरचे चार प्रश्न घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. कधी लागू नयेत, पण लागले तर हाताशी असू द्या. भेटू पुढच्या भागात!