'ध'चा 'मा' आणि राघोबादादा

कुणी शब्द फिरवला की आपण पटकन म्हणतो, 'ध'चा 'मा' केला! पण या म्हणण्यामागे एक खून आहे. 30 ऑगस्ट 1773 ला पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार मारलं. वय अवघं 18, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान! बोट गेलं ते काका रघुनाथरावांकडे. हेच ते राघोबादादा, ज्यांच्या मोहिमेत 1758 मध्ये मराठे अटकेपर्यंत पोचले होते.

कृ. प्र. खाडिलकरांनी याच प्रकरणावर 1909 मध्ये 'भाऊबंदकी' हे नाटक आणलं. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझी मॅकबेथशी ओळख आधी झाली आणि राघोबांशी नंतर! म्हणून साम्य लगेच जाणवलं. नाटकातला राघोबा राक्षस नाही. त्याला गादी हवी आहे, पण मन कच्चं आहे. त्याला पुढे ढकलते ती आनंदीबाई. शेवटी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे त्याला तोंडावर देहांत प्रायश्चित्त सुनावतात.

नाटक म्हणून हे जबरदस्तच आहे. पण प्रेक्षक घरी जाताना राघोबाची थोडी कीव आणि आनंदीबाईचा राग घेऊन जातो. इथेच माझी अडचण आहे. आख्यायिका अशी की राघोबांनी 'धरावे' लिहिलं, बाईंनी त्याचं 'मारावे' केलं. समजा, हे खरं मानलं. तरी राज्याच्या पेशव्याला धरा, हा हुकूम काय साधा होता? पुढे राघोबा स्वतः पेशवे झाले, 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला, त्यातून युद्ध पेटलं. त्या तहात कुणी कोणतं अक्षर बदललं होतं? 1782 च्या सालबाईच्या तहानंतर हक्क सोडून ते पेन्शनीवर आले आणि 1783 मध्ये कोपरगावला वारले.

आपला बुलढाणा जिल्हा जिजाऊंचा. दर 12 जानेवारीला सिंदखेडराजाला केवढी गर्दी होते! इतिहासातल्या एका बाईला आपण असं डोक्यावर घेतो, आणि दुसरीच्या नावावर मात्र नवऱ्याच्या गुन्ह्याचं बिल फाडतो.

आपण इंजिनिअरिंगवाले. ड्रॉइंगवर ज्याची सही, जबाबदारी त्याची, हे आपल्याला फर्स्ट इयरलाच शिकवतात. 'भाऊबंदकी' जरूर वाचा, पण हुकमाखाली सही कुणाची होती, तेवढं विसरू नका!