सुरुवातीला कोणता माईक घेऊ?

कविता लिहिली की वहीत राहते, चाल मात्र राहत नाही. स्वरलेखन येणारे आपल्यात मोजकेच. त्यामुळे रात्री सुचलेली चाल तेव्हाच रेकॉर्ड केली नाही, तर सकाळी ती गेलीच म्हणून समजा. मी स्वतः गाणी लिहिते. आपल्या मंडळात आणखीही चार-पाच जण लिहितात, आणि "सुरुवातीला काय घेऊ?" हा प्रश्न मला हमखास येतो. शिकवण्या करून साठवलेले पैसे भलत्याच वस्तूवर जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

पहिलं उत्तर : लगेच काही घेऊ नका. हातातला मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला ठेवा आणि गा. गाणं उभं राहतंय की नाही, एवढं कळायला तो पुरतो.

मग खोली बघा. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात, आणि माईक तोही टिपतो. एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरलेला घुमारा नंतर नीट काढता येत नाही. पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाका किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर गा. पंखा बंद. बेळगावच्या पावसात पत्र्याखाली गायचं असेल तर सर थांबायची वाट बघायची. त्यावर दुकानात औषध नाही!

आता माईक. कंडेन्सर माईक श्वाससुद्धा टिपतो. तसाच शेजारच्या कुकरची शिट्टीही टिपतो. डायनॅमिक माईक कमी संवेदनशील असतो. तोंडाजवळ धरून गायलं की तुमचा आवाज ठळक येतो, आजूबाजूचा मागे पडतो. १९६६ पासून मंचावर दिसणारा शुअर एसएम ५८ हा याच जातीचा. गजबजलेल्या घरात डायनॅमिकच बरा.

जोडणीचेही दोन प्रकार आहेत. यूएसबी माईक थेट लॅपटॉपला लागतो. एक्सएलआर माईकला मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो, म्हणजे खर्च वाढला. शिवाय एक्सएलआर कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर हवी, ती इंटरफेस देतो का तेही बघायचं. एकटा गळा असेल तर यूएसबी पुरे. फक्त माईकलाच हेडफोनची खाच आहे ना, ते विचारून घ्या. नाहीतर स्वतःचा आवाज कानात उशिरा येतो आणि ताल सुटतो. गळा आणि गिटार एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत, तर दोन माईक आणि दोन इनपुटचा इंटरफेस घ्या.

उरलेल्या पैशांत कान पूर्ण झाकणारे वायरवाले हेडफोन आणि स्टँड. पॉप फिल्टर घरीच होतो : भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवा. मराठीत गाणाऱ्यांना तो हवाच, कारण 'फ', 'भ', 'ख' म्हणताना सुटणारी हवा माईकवर धपकन आदळते.

सॉफ्टवेअरवर सध्या खर्च नको. लॅपटॉपवर ऑडॅसिटी, मोबाईलवर बँडलॅब, दोन्ही फुकट. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि सर्वांत मोठा स्वर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला आपटून फाटलेला आवाज पुन्हा सांधत नाही.

१९८२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या आपल्या घरी दोन एसएम ५७ माईक आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन काही गाणी नमुन्यादाखल टिपली. पुढे स्टुडिओत बँडसोबत ती करून बघितली, पण मनासारखी जमेनात. शेवटी तीच घरगुती कॅसेट 'नेब्रास्का' या अल्बमच्या रूपानं बाजारात आली. तेव्हा अंगण वाकडं म्हणायची सोय आपल्याला फारशी उरलेली नाही.

आधी मोबाईलवर तीन गाणी पूर्ण करा. तिसरं झाल्यावर नेमकं काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल. पैसे तिथेच घाला.