विश्लेषण : कळसूबाई अवघी १६४६ मीटर, मग पावसाळ्यात धोका कसला?

पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारी घोटी-भंडारदरा मार्गावरील बारी गावात पहाटेपासून वाहनांच्या रांगा लागतात. राज्यातील सर्वोच्च शिखर, मळलेली वाट आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या, यामुळे अनेक जण पहिल्याच ट्रेकसाठी कळसूबाई निवडतात. हिमालयाच्या तुलनेत ही उंची किरकोळ वाटते. तरीही सह्याद्रीत ट्रेकर अडकून पडण्याच्या, जखमी होण्याच्या घटना दर पावसाळ्यात घडतात. असे का होते, याविषयी…

शिखर नेमके कुठे आहे?

कळसूबाई अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिकमधील इगतपुरी तालुक्याच्या सीमेवर आहे. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. माथ्यावर कळसूबाईचे छोटे मंदिर असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. बारीतून माथ्यापर्यंत साधारण आठ-नऊशे मीटर चढावे लागते आणि त्यासाठी तीन ते चार तास लागतात.

पावसात ओढे अचानक का फुगतात?

सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून घडला. कठीण थरांचे उभे कडे झाले, तर मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. कातळावर मातीचा थर पातळ असल्याने पाणी फारसे मुरत नाही, ते थेट ओढ्यांत उतरते. त्यामुळे सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेपर्यंत येऊ शकतो. मात्र पाऊस ओसरल्यावर हे पाणीही लवकर उतरते. म्हणूनच अशा वेळी साखळी करून पाण्यात शिरण्यापेक्षा काठावर थांबणे शहाणपणाचे ठरते.

गर्दीचा आणि धोक्याचा संबंध काय?

शिड्या हा या वाटेवरचा अरुंद टप्पा. चढणारे आणि उतरणारे एकाच ठिकाणी समोरासमोर आले की रांग खोळंबते. चालताना शरीर गरम राहते. भिजलेल्या कपड्यांत भणाणत्या वाऱ्यात तासभर उभे राहिले, की ते झपाट्याने थंड होते. हजार मीटरमागे तापमान साधारण सहा अंशांनी घटते. त्यात वारा आणि ओल यांची भर पडली की सह्याद्रीतही शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अनावर थरथर, अडखळते बोलणे, तोल जाणे ही त्याची लक्षणे. शिवाय रांगेत गेलेला वेळ उतरताना भरून काढावा लागतो. थकलेले पाय, शेवाळलेला दगड, धुके आणि अंधार हे सारे एकत्र येते ते परतीच्याच वाटेवर.

हवामानाचा कोणता अंदाज पाहावा?

मुंबई, पुणे किंवा नाशिक शहराचा अंदाज येथे पुरेसा नाही. भारतीय हवामान विभाग घाट क्षेत्रासाठी स्वतंत्र इशारे देतो, ते पाहावेत. एकट्या अकोले तालुक्यातच हा फरक दिसतो. पश्चिमेकडील घाटघर, रतनवाडीत मुसळधार पाऊस कोसळत असताना पूर्वेला अकोले शहरात केवळ भुरभुर असू शकते. घाट क्षेत्राला नारंगी वा लाल इशारा असेल, तर ट्रेक पुढे ढकलावा.

बंदी हाच उपाय आहे का?

अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली पर्यटनस्थळांवर निर्बंध घालू शकते. त्या काळात ते आवश्यकही असतात. मात्र पायथ्याच्या गावांतील जेवण-निवाऱ्याची सोय करणारी घरे, वाटाडे आणि वाटेवरचे टपरीवाले यांची कमाई याच हंगामावर असते. सरसकट बंदीचा पहिला फटका त्यांना बसतो. एका दिवशी किती जणांनी चढावे, किती वाजेनंतर चढाई थांबवावी आणि शिड्यांवर चढ-उताराचे नियमन कोणी करावे, हे ठरले तर गर्दीही आवरेल आणि रोजगारही टिकेल.

ट्रेकरने काय करावे?

सामान्य दिवशीही सकाळी लवकर निघावे. ठरलेल्या वेळी माथा गाठता आला नाही, तर तेथूनच परतावे. सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, विजेरी, शिट्टी, खाणे सोबत असावे. कुठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे घरी व गावात सांगून ठेवावे. संकटात ११२ क्रमांकावर संपर्क साधावा; पण डोंगरात नेटवर्क मिळेलच असे नाही. गावातला माणूस ‘आज वर जाऊ नका’ म्हणाला, तर तो शब्द मानावा. शिखर पुढच्या आठवड्यातही तिथेच असते.