लाल दलदली क्रेफिश : प्रदूषणसहिष्णुता व जैवसूचक म्हणून उपयोग

क्रेफिश हा शेवंडासारखा दिसणारा, गोड्या पाण्यातील कवचधारी प्राणी होय. ईशान्य मेक्सिको व अमेरिकेच्या दक्षिण भागातील लाल दलदली क्रेफिश (प्रोकॅम्बॅरस क्लार्की) १९७० च्या दशकात व्यापारी हेतूने स्पेनमध्ये आणली गेली. ग्वादालक्विवीर नदीकाठच्या दलदलीत व भातखाचरांत ती झपाट्याने पसरली. जलद प्रजनन, सर्वभक्षी आहार, बिळात राहून कोरडा काळ काढण्याची व अल्प प्राणवायूत तग धरण्याची क्षमता ही त्यामागील प्रमुख कारणे होत. ‘क्रेफिश प्लेग’ या रोगाची ती वाहकही आहे. ती स्वतः बहुधा बचावते, मात्र युरोपातील मूळ क्रेफिश त्यास बळी पडतात.

एप्रिल १९९८ मध्ये अझ्नालकोयार येथील खाणीचा गाळबंधारा फुटला आणि आम्लयुक्त पाणी व जड धातू ग्वादियामार नदीत मिसळले. त्यानंतर प्रदूषणाच्या मापनासाठी याच क्रेफिशच्या ऊतींतील धातूंचे प्रमाण अभ्यासण्यात आले. अशा मापनात धातूधातूंत भेद करणे आवश्यक ठरते. तांबे हा तिच्या रक्तातील हिमोसायनिनचा घटक असल्याने शरीर त्याचे नियमन करते. म्हणून केवळ तांब्याच्या आकड्यावरून प्रदूषण सिद्ध होत नाही. शिसे व कॅडमियम यांची शरीरास गरज नसते. त्यांचा संचय अधिक सूचक ठरतो.

सारांश, या प्रजातीचे विपुल अस्तित्व हे शुद्ध पाण्याचे लक्षण नव्हे. तिची सहिष्णुता तिला वाचविते. परंतु तिच्या शरीरातील धातू तिला खाणाऱ्या करकोचे, बगळे व पाणमांजरांपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून जलसर्वेक्षणात प्राणिगणनेस ऊतिविश्लेषणाची जोड अपरिहार्य आहे.