डोंगरी सायकल निवडताना

सूरत शहरातील लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा हा भाग म्हणजे खानदेशाचेच विस्तारलेले अंगण होय. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमागाच्या व कापड-प्रक्रियेच्या कामासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे दोन-तीन पिढ्यांपासून नांदत आहेत, आणि त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या शाळाही चालविल्या आहेत. या वसाहतींत सायकल ही चैनीची वस्तू नाही. कारखान्याची पाळी आणि मुलांची शाळा या दोन्हींचे वेळापत्रक अनेक घरी अद्यापि तिच्यावरच अवलंबून आहे.

मात्र सायकल कोणती घ्यावी, याविषयीची कल्पना आता पालटली आहे. काळी, उंच, दांडीची सायकल मागे पडली असून जाड खाचेदार टायरांची, पुढे-मागे स्प्रिंग असलेली, गिअरची सायकल मुलांच्या मनात भरली आहे. दुकानदार तिला ‘एमटीबी’ म्हणतात. हीरो कंपनीच्या एका जुन्या नमुन्यावरून लोकांनी तिला सरसकट ‘रेंजर’ हे नाव दिले आहे. ही मूळची डोंगरी सायकल. सूरत शहर तापीच्या मुखाजवळ सपाटीवर वसलेले असून तेथील सर्वांत मोठा चढ म्हणजे नदीवरचा पूल. तेव्हा अशा सायकलीची गरज कोणाला आहे, कोणाला नाही, आणि घ्यावयाचीच झाल्यास काय पाहून घ्यावी, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी होणे इष्ट आहे.

या सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. तेथील मरीन परगण्यातील काही तरुण १९७० नंतरच्या दशकात माऊंट टॅमलपायस या डोंगराच्या मातीच्या उतारावरून जुन्या, दणकट सायकली भरधाव सोडण्याच्या शर्यती खेळत. एकच ब्रेक असलेल्या त्या सायकलींच्या मागच्या चाकातील वंगण एका उतरणीतच तापून जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. यातूनच नव्या सायकलीची गरज निर्माण झाली. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास सांगाडा तयार केला. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला. आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली डोंगरी सायकल बाजारात आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या क्रीडाप्रकाराचा समावेश झाला.

सूरतच्या रहिवाशाला खरा डोंगर पाहावयाचा असेल, तर त्याने वघईची वाट धरावी. वघईपासून सापुताऱ्यापर्यंतचा सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता सागाच्या जंगलातून चढत सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचतो आणि पुढे नाशिक जिल्ह्यात उतरतो. आहव्याकडच्या आडवाटा, महालचे जंगल, सोनगडचा गायकवाडांचा किल्ला ही ठिकाणेही सायकलस्वारांच्या परिचयाची झाली आहेत. येथे कोठे मुरूम तर कोठे दगड लागतो. पावसाळ्यात चाकाला चिकटून त्याचा लाडू करणारी काळी माती असते. सागाच्या ओल्या पानांवरून चाक घसरते, ते वेगळेच. डोंगरी सायकलीचा प्रत्येक भाग अशाच भूमीसाठी योजलेला आहे.

गिअरचा हिशेब

गिअरची संख्या पाहून सायकल घेणे ही सर्वसाधारण चूक होय. गिअर म्हणजे पायडलचा एक फेरा पूर्ण झाला असता सायकल किती अंतर पुढे जाते, याचे प्रमाण. जुन्या काळ्या सायकलीस पुढे बहुधा ४४ व मागे १८ दाते असतात. ४४ ला १८ ने भागले असता सुमारे २.४४ येतात; म्हणजे एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे. घाटात मात्र प्रत्येक फेऱ्याला साडेपाच मीटर चढ ओढावा लागतो, आणि स्वार उतरून सायकल हाताने ढकलू लागतो.

२१ गिअरच्या सायकलीस पुढे तीन व मागे सात दातेरी चक्रे असतात. पुढे २४ व मागे २८ दाते असतील, तर एका फेऱ्यात २६ इंची सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. वेग कमी होतो, परंतु पायावरील भार एक-तृतीयांशावर येतो आणि चढ बसल्या बसल्या पार पडतो. पुढे ४२ व मागे १४ ठेवले तर तीच सायकल सहा मीटरांहून अधिक धावते. या दोन टोकांमध्येच सारे गिअर येतात, आणि त्यांपैकी कित्येक एकमेकांच्या इतके जवळ असतात की, २१ पैकी खऱ्या अर्थाने वेगळे असे निम्मेच भरतात. शिवाय पुढचे सर्वांत मोठे व मागचेही सर्वांत मोठे चक्र एकाच वेळी वापरल्यास चेन तिरपी ताणली जाऊन लवकर झिजते. म्हणूनच आता चांगल्या डोंगरी सायकलींत पुढे एकच चक्र आणि मागे दहा ते बारा चक्रे, अशी रचना रूढ झाली आहे. अशी सायकल ‘कमी गिअरची’ म्हणून नाकारणे चुकीचे ठरेल.

सपाट शहरात शाळेला किंवा कारखान्यात जाणाऱ्यास मात्र एका गिअरची सायकल पुरते. सात गिअर म्हणजे चैन, आणि एकवीस म्हणजे बिघाडाच्या एकवीस जागा, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

चेनची झीज तपासण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. शाळेतील फूटपट्टी पुरेशी आहे. नव्या चेनच्या एका खिळ्यापासून मोजलेला चोविसावा खिळा बरोबर बारा इंचांवर येतो. तो बारा इंचांच्या पुढे एक-षोडशांश इंच सरकला असेल, तर चेन बदलावी. एक-अष्टमांश इंच सरकेपर्यंत थांबल्यास चेनबरोबर दातेरी चक्रेही बदलण्याची पाळी येते, आणि तो खर्च चेनच्या कित्येक पट असतो.

ब्रेक, चाके आणि स्प्रिंग

घाट चढताना गिअर हवा. उतरताना जीव ब्रेकच्या हाती असतो. रिमवर रबरी गुटके दाबणारा ब्रेक स्वस्त, हलका आणि कोणत्याही गावी दुरुस्त होणारा असतो. परंतु रिम ओली किंवा चिखलाने माखलेली असता त्याची पकड उशिरा बसते. डिस्क ब्रेकची तबकडी चाकाच्या मध्याजवळ असल्यामुळे ती चिखलापासून दूर राहते, आणि चाक थोडे ‘आऊट’ झाले तरी ब्रेक काम देतो. डिस्कचेही दोन प्रकार आहेत: तारेने ओढला जाणारा आणि तेलाच्या दाबावर चालणारा. तेलाचा ब्रेक कमी जोरात अधिक पकड देतो. मात्र त्याच्या दुरुस्तीसाठी जाणकार कारागीर लागतो. अत्यंत स्वस्त सायकलीला केवळ दिखाव्यापुरती लावलेली डिस्क ही चांगल्या रिम-ब्रेकपेक्षा निकृष्ट ठरते. तबकडी घासत राहते, आणि तिचे गुटके तालुक्याच्या गावीही मिळतील याची खात्री नसते. दुकानात दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून पाहावेत. मूठ हँडलला टेकेपर्यंत दाबली जात असेल, तर ती सायकल तशीच घरी आणू नये.

चाकांविषयी एक बारीक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. टायरवर ‘२६’ लिहिले म्हणजे सर्व २६ इंची टायर एकमेकांच्या जागी बसतात, असे नाही. डोंगरी सायकलीचा २६ × १.९५ हा टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ हा ५९० मिलिमीटरच्या रिमवर. त्याचप्रमाणे जुन्या काळ्या सायकलीच्या २८ × १ १/२ टायरची रिम ६३५ मिलिमीटरची, आणि नव्या २९ इंची सायकलीची ६२२ मिलिमीटरची. हा मिलिमीटरचा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो व खरेदीच्या वेळी तोच पाहावा. २७.५ इंची चाकांचा आकडा ५८४ आहे. आडगावी राहणाऱ्याने सायकल निवडण्यापूर्वी जवळच्या दुकानात कोणत्या आकड्याचे टायर-ट्यूब मिळतात, याची चौकशी करून ठेवावी. अन्यथा एका फाटलेल्या टायरपायी सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना आणि गुजरातेत सरस्वती साधना योजनेतून नववीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या शाळांतील शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर लिहून समजावून दिल्यास ते उपयुक्त ठरेल.

जाड, खाचेदार टायर मातीत पकड देतो, पण डांबरी रस्त्यावर तोच पाय ओढतो. शहरातच वापर असेल तर मधोमध गुळगुळीत व कडेला खाचा असलेला टायर बसवून घ्यावा. हवेचा दाबही कडेवर छापलेला असतो. जाड व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबमध्ये पेट्रोलपंपावर हवा भरता येते. मात्र मोटारीच्या सवयीने हात सैल सोडल्यास ट्यूब क्षणात फुटते.

स्प्रिंगबाबत थोडक्यात सांगावयाचे तर पुढच्या चिमट्यातील चांगली स्प्रिंग ८० ते १०० मिलिमीटर दबते आणि खडकाळ वाटेवर मनगटे वाचविते. कमी किमतीच्या सायकलीतील मागची स्प्रिंग मात्र पायातील जोर पिऊन टाकते व वजन वाढविते. पोलादी सांगाड्याची अशी सायकल सतरा ते वीस किलो भरते, तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची साधारण तेरा ते पंधरा किलो. काही स्वस्त ‘डोंगरी’ सायकलींच्या माहितीपुस्तिकेत ती खडबडीत वाटेवर वापरू नये, अशी सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली असते! शिक्षकांनी किंवा वाचता येणाऱ्या मुलांनी ती आधी वाचावी.

नाव मोठे की भाग चांगले?

कंपनीच्या नावाचे आकर्षण स्वाभाविक आहे. चेन्नईची टी. आय. सायकल्स ही १९४९ पासूनची कंपनी. हर्क्युलिस आणि बी. एस. ए. ही तिची नावे घरोघरी पोहोचली. लुधियानाच्या हीरो सायकल्सची सुरुवात १९५६ मध्ये मुंजाल बंधूंनी केली. १९८६ मध्ये जगात सर्वाधिक सायकली तयार करणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. एव्हनही लुधियानाचीच. सोनीपतच्या अ‍ॅटलास सायकलीवर एके काळी निम्मा देश फिरला. तिच्या साहिबाबाद येथील अखेरच्या कारखान्यातील उत्पादन ३ जून २०२० रोजी, नेमके जागतिक सायकल दिनीच, थांबले. नाव कितीही मोठे असले तरी ते कायम राहीलच असे नाही, आणि ते गेले की सुट्या भागांचा प्रश्न उभा राहतो.

गिअरच्या सायकलींत फायरफॉक्स हे नाव २००५ पासून रूढ झाले. २०१५ मध्ये हीरोने ती कंपनी घेतली. टी. आय. ची माँट्रा, डेकॅथलॉनची रॉकरायडर, तैवानच्या जायंट व मेरिडा, अमेरिकेची ट्रेक ही आणखी काही नावे. यांपैकी अमुकच घ्यावी अशी शिफारस येथे करावयाची नाही. ध्यानी घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, सांगाड्यावरील नाव वेगळे असले तरी गिअरचे भाग बहुधा एखाद-दुसऱ्या कारखान्याचेच असतात. १९२१ मध्ये जपानमधील साकाई येथे स्थापन झालेली शिमानो ही त्यांत प्रमुख. तिच्या भागांवर प्रतीचे नाव कोरलेले असते: टूर्नी ही प्राथमिक प्रत, त्यावर आल्टस, एसेरा, अलिव्हिओ आणि पुढे देओर. दोन कंपन्यांच्या सायकली सारख्याच किमतीच्या असतील, तर ज्या सायकलीवर वरच्या प्रतीचे भाग आहेत, रिम दुहेरी भिंतीची आहे आणि जिचा दुरुस्ती करणारा विक्रेता जवळ आहे, ती घेणे शहाणपणाचे.

मापाकडे दुर्लक्ष करू नये. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मुलाला मोठी सायकल घेण्याची आपल्याकडील पद्धत कपड्यांपुरती ठीक आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत डोंगरी सायकलीसाठी किमान दोन इंच अंतर हवे. उंची पाच फुटांपासून पाच फूट चार इंचांपर्यंत असल्यास साधारण १५ ते १६ इंचांचा, आणि पाच फूट आठ इंचांपर्यंत १७ इंचांचा सांगाडा योग्य होतो.

सूरतची हवा खारी. समुद्र जवळ असल्याने आणि पावसाळ्यात खाड्यांचे पाणी वस्त्यांत शिरत असल्याने चेन, तारा व छर्रे गंजतात. पाण्यातून निघालेली सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेलाचे दोन थेंब सोडावेत. अंगभर तेल ओतल्यास यंत्रमागाचा तंतुकण आणि रस्त्याची धूळ त्यावर बसून काळा लगदा होतो. तेल डिस्कला मात्र मुळीच लागू देऊ नये. तिची पकड नाहीशी होते.

घाटात उतरावयाचे असल्यास हेल्मेट, बोटमोजे, पंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान बरोबर असावे. वघई ते सापुतारा या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ असते. म्हणून मागे लाल दिवा व परावर्तक दिवसाही उपयोगी पडतो. सतत एकच ब्रेक दाबून न ठेवता दोन्ही ब्रेक आळीपाळीने, वळणापूर्वीच दाबावेत.

खरेदीच्या वेळी पक्की पावती घ्यावी. दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल व तिच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला आहे. पावतीवर तोच दर लावला आहे ना, हे पाहावे. पायडलच्या कण्याखाली किंवा सीटच्या नळीवर सांगाड्याचा क्रमांक ठोकलेला असतो. तो दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावा. सायकल चोरीस गेल्यास पोलीस ठाण्यात तोच क्रमांक विचारला जातो.