सायकल : प्रकार व वापरानुसार निवड

पायांनी चालविण्याच्या दुचाकी वाहनाच्या विविध प्रकारांची रस्ता, अंतर, भार व चालक यांनुसार केलेली विभागणी. जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनविलेल्या ‘रोव्हर’ सायकलीत उंचीत फारसा फरक नसलेली दोन चाके व मागील चाकास साखळीने गती देणारी यंत्रणा एकत्र आली. जॉन बॉइड डनलप यांच्या हवा भरलेल्या टायरमुळे (१८८८) प्रवासातील हादरे पुष्कळ कमी झाले. सायकलीची ही मूळ योजना आजही कायम असून तिच्यापासूनच निरनिराळे प्रकार निर्माण झाले आहेत. प्रत्येक प्रकारात एखादा गुण वाढविण्यासाठी दुसऱ्या गुणाचा काही अंश सोडावा लागतो. म्हणून सर्व परिस्थितींत उत्तम ठरेल अशी सायकल नसते. निवड चुकल्यास श्रम वाढतात आणि उतारावर किंवा पावसात अपघातही संभवतो.

निवडीची तत्त्वे : सायकल कोणत्या रस्त्यासाठी आहे, हे मुख्यतः टायर, गिअर, सांगाडा व गतिरोधक (ब्रेक) यांवरून ओळखता येते.

अरुंद व जास्त दाबाने हवा भरलेला टायर गुळगुळीत डांबरी रस्त्यावर सहज धावतो. खडबडीत रस्त्यावर मात्र तो प्रत्येक दगडावर उसळतो व चालकाची शक्ती उसळण्यातच वाया जाते. अशा ठिकाणी कमी दाबाचा रुंद टायर खाचखळगे सामावून घेतो आणि जमिनीची पकड सोडत नाही.

गिअरचे कार्य पायातील शक्ती व रस्त्याचा चढ यांचा मेळ घालणे हे आहे. साध्या सायकलीत पुढील दंतचक्राला ४४ व मागील दंतचक्राला १८ दाते असल्यास पायट्याच्या एका फेऱ्यात मागील चाक सु. २·४४ वेळा फिरते व सायकल सु. ५·४ मी. पुढे जाते. सपाटीवर हे प्रमाण सोयीचे असले, तरी घाटाच्या चढावर त्यामुळे उतरून चालावे लागते. पुढे ३२ व मागे ५० दाते असतील, तर एका फेऱ्यात जेमतेम १·५ मी. अंतर कापले जाते. पण तीव्र चढही बसल्या बसल्या चढता येतो.

वजनाचा परिणामही चढावरच विशेष जाणवतो. शेकडा ५ चढावर ताशी १० किमी. वेगाने जाताना १० किग्रॅ. जादा वजनासाठी सु. १४ वॉट अधिक शक्ती लागते. सपाटीवर स्थिर वेगाने जाताना हेच वजन फारसे जाणवत नाही. सपाटीवर वेगाच्या आड येतो तो हवेचा विरोध. त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शर्यतीचे चालक पुढे वाकून बसतात.

प्रमुख प्रकार : (१) साधी सायकल : ही मूळची ब्रिटिश बनावटीची असून भारतात सर्वत्र रूढ झाली. पोलादी सांगाडा, मोठी चाके, लांब आस-अंतर, कॅरिअर व सरळ बसण्याची सोय ही तिची वैशिष्ट्ये होत. दुधाच्या कासंड्या, धान्याचे पोते किंवा डबलसीट स्वारी ती सहज पेलते व गावातील साध्या दुकानातही दुरुस्त होते. वजन सु. २० किग्रॅ. असल्याने व बहुधा एकच गिअर असल्याने चढावर ती गैरसोयीची ठरते.

(२) शर्यतीची सायकल : हलका सांगाडा, खाली वळलेले हँडल व साधारणपणे २३ ते ३० मिमी. रुंदीचे टायर यांमुळे ही चांगल्या रस्त्यावर वेगवान असते. आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या नियमानुसार रस्त्यावरील शर्यतीत सायकलीचे वजन ६·८ किग्रॅ. पेक्षा कमी असून चालत नाही. भार वाहण्यास व खड्ड्यांच्या रस्त्यास ती अयोग्य होय. बंदिस्त धावमार्गावरील शर्यतीच्या सायकलीस एकच गिअर असतो व गतिरोधक नसतात. त्यामुळे ती रहदारीत नेणे धोक्याचे असते.

(३) डोंगरी सायकल : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात १९७०–८० या दशकात काही तरुण माउंट टॅमलपायसच्या कच्च्या वाटांवरून जुन्या जाड टायरांच्या सायकली उतरवीत, त्यांतून हा प्रकार पुढे आला. १९९६ पासून ऑलिंपिक सामन्यांत त्याचा समावेश आहे. २ ते २·५ इंच रुंदीचे खाचदार टायर, हादरेशोषक फोर्क, विस्तृत गिअर व तबकडी गतिरोधक हे त्याचे विशेष. डांबरी रस्त्यावर मात्र खाचदार टायर व दबणारा फोर्क यांमुळे श्रम वाया जातात.

(४) मिश्र व प्रवासी सायकली : रोज शहरात जाणे-येणे करणाऱ्यास ३२ ते ४५ मिमी. रुंदीचे टायर, मडगार्ड व मोजके गिअर असलेली सायकल पुरेशी असते. दीर्घ प्रवासाच्या सायकलीत सामानासाठी मजबूत कॅरिअर व अतिशय हलके गिअर आवश्यक असतात.

(५) घडीची सायकल : लहान चाकांमुळे ही लोकलमध्ये किंवा सदनिकेत सहज मावते, खड्डे मात्र तिला अधिक जाणवतात.

(६) विद्युत् साहाय्यित सायकल : ही चढावर व वयस्कर चालकांस उपयुक्त ठरते, परंतु तिच्या वाढीव वजनामुळे व वेगामुळे चांगले गतिरोधक अनिवार्य होतात.

सुरक्षितता व मापे : साध्या सायकलीतील दांड्यांचे गतिरोधक कोरड्या हवेत कामचलाऊ असतात. चकचकीत पोलादी कडेवर पाणी पडताच रबरी ठोकळ्यांचे घर्षण फार घटते [→ घर्षण] व थांबण्याचे अंतर अनेक पटींनी वाढते. सह्याद्रीतील घाट पावसाळ्यात उतरणाऱ्यांना याचा मोठा धोका असतो. अशा वापरासाठी तबकडी गतिरोधक अधिक विश्वसनीय होत. ते नसल्यास निदान अ‍ॅल्युमिनियमची कड असलेली चाके घ्यावीत.

प्रकार योग्य असला, तरी माप चुकल्यास उपयोग नाही. जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर वरचा दांडा अंगास लागू नये. बैठकीवर बसून पायटा सर्वांत खाली नेला असता गुडघ्यात किंचित बाक राहावा. बैठक याहून खाली असल्यास गुडघे दुखतात. साडी किंवा धोतर नेसणाऱ्यांना उतरत्या दांड्याचा सांगाडा व पूर्ण साखळीझाकण असलेली सायकल सोयीची पडते. निवड करताना वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीपेक्षा रोजचा रस्ता, रोजचा भार व जवळ उपलब्ध असलेली दुरुस्ती यांना प्राधान्य देणे इष्ट असते.