चिंचिलाचे घर

ससा तुम्ही पाहिला असेल. खारही पाहिली असेल. पण चिंचिला हे नाव बहुधा प्रथमच ऐकत असाल. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, अँडीज पर्वताच्या थंड व कोरड्या भागात हा लहानसा प्राणी राहतो. त्याचे कान मोठे, शेपूट झुबकेदार आणि केस अतिशय दाट. केसांच्या एकेका मुळातून पन्नासहून अधिक केस उगवतात! या मऊ केसांसाठी माणसाने त्याची इतकी शिकार केली, की रानात तो आता फार थोडा उरला आहे. १९२३ साली मॅथायस चॅपमन या अमेरिकन अभियंत्याने काही चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. तेव्हापासून तेथे लोक ते पाळू लागले. आपल्याकडचा उन्हाळा मात्र या प्राण्याला मुळीच सोसत नाही.

रानात चिंचिला कळपाने राहतात. खडकांच्या फटी हीच त्यांची घरे. दोघांचे भांडण झाले, तर दुबळा पळून दुसऱ्या फटीत शिरतो. भांडण मिटते. पिंजऱ्यात पळणार कोठे?

समजा, पिंजऱ्यात एकच चिंचिला आहे. त्याला सोबत हवी म्हणून मालक दुसरा आणतो आणि सरळ आत सोडतो. हेतू चांगला, पण पहिल्याला वाटते, आपल्या घरात कोणी परका घुसला! तो दात कटकट वाजवतो, भुंकल्यासारखा आवाज काढतो. मादी तर नराहून मोठी आणि अधिक तापट. ती मागच्या पायांवर उभी राहते आणि लघवीची चिळकांडी उडवते. तिचा नेमही सहसा चुकत नाही! हे इशारे ओळखले नाहीत, तर चावाचावी होते. कान फाटतात, कधी एखाद्याचा जीवही जातो. पिंजऱ्यात केसांचे पुंजके पडलेले दिसले, तर भांडण झाले असे समजावे. शत्रूने पकडले, की चिंचिला तेवढे केस सोडून निसटतो. रानात हीच युक्ती त्याला शिकारी प्राण्यांपासून वाचवते.

मग दोघांची ओळख करून द्यायची कशी? दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, पण मध्ये थोडे अंतर असावे. नाहीतर जाळीतून बोटे चावली जातात. चिंचिला पाण्याने नव्हे, बारीक धुळीत लोळून अंग स्वच्छ करतो. एकाचे धुळीचे भांडे दुसऱ्याला द्यावे. त्यामुळे एकमेकांचा वास ओळखीचा होतो. याला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. नंतर दोघांनाही नव्या असलेल्या जागी त्यांना थोडा वेळ एकत्र सोडावे. ते एकमेकांचे केस साफ करू लागले, चिकटून झोपू लागले, की मैत्री जमली. काहींचे मात्र कधीच पटत नाही. त्यांचे पिंजरे वेगळेच ठेवावे लागतात.